काकूंच्या गढीचं माप

अमेरिकेत गेल्यावर मला काम करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून आलेली बायको, एवढीच माझी ओळख. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, मग एका ऑफिसात नोकरी करून साइटवर उन्हातान्हात मिस्त्र्यांशी भांडले, आणि मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या अपार्टमेंटमध्ये येऊन काय केलं, तर डाळ-तांदळाचे डबे उंचीप्रमाणे लावले! नवरा गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. सकाळी बूट घालता घालता म्हणायचा, "यार, काहीतरी व्हॉलंटिअर वगैरे कर ना." म्हणायला याचं काय जातंय! माझं डोकंच फिरायचं. शनिवारी कुणाकडे पॉटलक असलं, ज्याने त्याने आपापला पदार्थ आणून जेवायचं, की बाकीच्या बायका रेसिपी आणि डे-केअरवर बोलायच्या आणि मी त्यांच्या घराच्या भिंती न्याहाळत बसायचे. मला माणूसघाणी म्हणायचे ते काही उगीच नाही.

त्या चिडचिडीतूनच मी चालायला लागले. अपार्टमेंटच्या मागचा जुना रस्ता शेजारच्या गावात शिरायचा. २००४ चा मे महिना असेल. त्या रस्त्यावर, झाडांच्या आड, मला ते घर दिसलं आणि मी जागीच थांबले. चारी बाजूंना मिशिगनची ती बसकी, फिक्या रंगाची घरं, आणि मध्येच हे! उभ्या चढाचं उंच छप्पर, छपरातच छोट्या छोट्या खिडक्यांच्या ओळी, बाजूच्या भिंती वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या झालेल्या, कोपऱ्यात जिन्याचा गोल बुरूज, आणि पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा. कॉलेजात हिस्टरीच्या तासाला अंधारात स्लाइडवर बघितलेलं, परीक्षेपुरतं पाठ केलेलं जर्मन जमीनदाराचं घर होतं ते.

मी रोज जाऊन बघत उभी राहायला लागले. एक दिवस दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. उंच, ताठ, हातात बागेतली कात्री. म्हणाली, "बिल्डरने पाठवलंय का तुला?"

"नाही हो! मी आर्किटेक्ट आहे. म्हणजे, होते."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सलवार-कमीज, त्यावर नवऱ्याचं जॅकेट, पायात स्नीकर्स. मग म्हणाली, "आत ये. बाहेरून काय कळणार तुला?"

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण मला आठवतं ते सगळं मराठीत. तिने तिच्या नावाने हाक मार म्हणून सांगितलं. ते माझ्या जिभेवर येईना. मग तिनेच विचारलं, तुमच्याकडे माझ्यासारखीला काय म्हणतात? ऐंशी ओलांडलेली बाई, आजी म्हणायला हवं होतं खरं. पण शिडीवर चढून स्वतःच्या हाताने छपराची पन्हळ साफ करणारीला आजी कसं म्हणणार? मी म्हटलं, "काकू." तिला ते इतकं आवडलं की फोनवरही "मी काकू बोलतेय" म्हणायला लागली.

घर काकूंच्या वडिलांनी बांधलं होतं. ते पोरवयात जर्मनीतून आले, डेट्रॉइटमध्ये लेथवर राबले, मग मोटारींचे साचे बनवायचा स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या गावात जमीनदाराची गढी होती. गढी हा माझा शब्द, काकू नुसतं 'मोठं घर' म्हणायच्या. मधोमध मालकाचं घर, पुढ्यात मोठं अंगण, दोन्ही अंगांना गोठे आणि कोठारं, आणि अख्खं गाव मालकाच्या शेतावर राबणारं. छपरातल्या त्या छोट्या खिडक्या कशासाठी? तर वर माळ्यावर मालकाचं धान्य साठायचं, त्याला वारा लागावा म्हणून. वडिलांची आई त्या घरात स्वयंपाकीण होती. पोरगा असेपर्यंत वडील पुढच्या दाराने कधी आत गेले नव्हते, मागच्या दारानेच जा-ये. म्हणून पैसा हातात येताच त्यांनी इथे, मिशिगनमध्ये, तस्संच घर उठवलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम बदलली होती. मूळ घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हिरव्या टाइलची कपाटाएवढी शेगडी होती. तिच्यात लाकडं घालायचं तोंड पलीकडच्या बोळात. म्हणजे नोकरमाणसांनी मालकांच्या नजरेस न पडता बोळातूनच विस्तव पेटता ठेवायचा, आणि मालकांनी इकडे ऊब घेत बसायचं. त्या बोळातल्या धुराने त्यांच्या स्वयंपाकीण आजीचे डोळे गेले, असं काकू सांगायच्या. इथे वडिलांनी शेगडी तशीच्या तशी बांधली, पण तोंड ठेवलं खोलीत. जो ऊब घेईल त्याने लाकडं घालावीत. हे ऐकून मी काकूंसमोर चक्क टाळी वाजवली होती.

आणि काकूंचं हे घर जायच्या बेतात होतं. घरात अर्धा वाटा त्यांच्या वारलेल्या भावाचा, म्हणजे आता त्या भावाच्या मुलाचा. भाच्याला विकायचं होतं. बिल्डर घर पाडून त्या जागेवर नवी घरं उठवणार होता. वाचायचा एकच मार्ग होता. गावाची जुन्या इमारतींची एक कमिटी होती. तिने घराला आपल्या यादीत घेतलं तर ते कुणालाच पाडता येणार नव्हतं. बिल्डर आपोआप पळाला असता आणि काकू त्याच घरात शेवटपर्यंत राहिल्या असत्या. त्यांना दुसरं काही नको होतं. "मी इथे जन्मले नाही, पण मला मरायचं इथेच आहे," असं त्या आपण बाजारात जायचं बोलतो तितक्या सहज म्हणायच्या.

अडचण अशी की अमेरिकेत हौशी श्रीमंतांनी बांधलेल्या युरोपी घरांच्या नकला पैशाला पासरी. नुसत्या नकलेला कमिटी भीक घालणार नव्हती. पण काकूंकडे एक हुकमी पान होतं: त्या भिंतींवरच्या काळ्या तुळया. जर्मनीतल्या मूळ गढीचा एक भाग पाडला, तेव्हा वडिलांनी त्यातलं शेकडो वर्षांचं ओकचं लाकूड विकत घेऊन जहाजाने इथे आणलं, असं घरात सांगत आले होते. कमिटीचे अध्यक्ष त्यावर भलतेच खूश होते. फक्त मोजमाप घेऊन काढलेली घराची ड्रॉइंग हवी होती, आणि ती काढायला आर्किटेक्ट लावणं काकूंना झेपणारं नव्हतं.

मी म्हटलं, मी काढते. फुकट. फुकट करायला व्हिसा आड येत नाही, हे नवऱ्याने तीनतीनदा विचारून घेतलं. घाबरट!

तो उन्हाळा माझ्या अमेरिकेतला पहिला सुखाचा उन्हाळा. रोज सकाळी टेप, पेन्सिल, ओळंबा घेऊन जायचे. शनिवारी नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावायचे. तो कुरकुरायचा, पण काकूंच्या हातचा केक मिळाला की गप्प. बुरुजातला गोल जिना मी एकेक पायरी करत मोजला. रात्री कागदावर रेघा उतरत जायच्या तेव्हा मला परत माझा हात सापडल्यासारखं वाटायचं.

सप्टेंबरात लायब्ररीतून मी जर्मन लाकडी घरांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि तिथेच माझं सुख संपलं. खऱ्या घरात ते लाकूड शोभेचं नसतं, घराचं सगळं वजन तेच उचलतं. आधी लाकडाची चौकट, मग मधल्या मोकळ्या चौकोनांत माती किंवा विटा. सुतार ती चौकट आधी जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक सांध्यावर छिन्नीने खुणेचे आकडे कोरायचे, मग सुटी करून त्या खुणांवरून जागेवर उभी करायचे. म्हणजे काकूंच्या तुळयांवर त्या खुणा हव्यात! मी हरखून शिडी लावली. एक खूण सापडेना. सगळ्या बाजू धुंडाळल्या. बुरुजापाशी गिलावा सुटला होता तिथे डोळा लावून बघितलं. तुळई कसली डोंबलाची! बोटभर जाडीची फळी, यंत्राच्या गोल करवतीने कापल्याच्या खुणा तिच्यावर स्पष्ट, मागे विटांची भिंत, आणि फळी त्या भिंतीत खिळ्यांनी ठोकलेली.

मी आत जेवणघरात आले. काकू टेबलाशी आलुबुखाराचा केक कापत होत्या. मी स्टुलावर चढून छताच्या तुळईवर टिचकी मारली. आतून पोकळ. चार फळ्यांचा डबा नुसता. मी दुसरीवर मारली, तिसरीवर मारली. मग काकूंकडे बघितलं.

"काय गं, कशा आहेत तुळया?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "छान आहेत."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग केकचा हा एवढा मोठा तुकडा माझ्या बशीत वाढला.

काय करायला हवं होतं मी? त्यांच्या टेबलाशी बसून, त्यांच्या हातचं खाऊन, त्यांच्या गेलेल्या बापाला खोटं पाडायचं? आमच्या घरात मोठ्यांच्या तोंडावर असं कुणी बोलत नाही. आडून सुचवतात, दुसऱ्याकरवी कळवतात, नाहीतर गिळून टाकतात. मी गिळलं. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगून टाक ना यार, त्यात काय!" मी म्हटलं, "तू सांगशील का तुझ्या आजीला असं?" ड्रॉइंगमध्ये मात्र माझ्याकडून खोटी रेघ निघेना. भिंतीचा उभा छेद काढला, म्हणजे भिंत उभी कापली तर आत जे दिसेल ते, त्यात फळी, खिळे, मागच्या विटा, सगळं जसंच्या तसं आलं. काकूंना तसलं ड्रॉइंग वाचता येत नाही आणि कमिटीतल्या दुकानदार-वकिलांनाही येणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढचे महिने मी जात राहिले, खात राहिले आणि तोंड शिवून बसले.

मार्चमध्ये गावाच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. कितीतरी दिवसांनी मी इस्त्रीची पँट आणि कोट घातला होता. पुढे लांब टेबलामागे कमिटी, पहिल्या रांगेत काकू आणि मी, पलीकडे भाचा आणि त्याचा वकील. माझी ड्रॉइंग भिंतीवर लावली होती. काकू बोलल्या, वडिलांची हकिगत सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. भला माणूस होता. हसून म्हणाले, "तुम्ही तर घराचा इंच न इंच मोजलाय. तुळया जुन्याच आहेत ना?"

त्यांना फक्त "हो" हवं होतं. निदान "मला लाकडाच्या वयातलं कळत नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी उभी राहिले आणि मला काय झालं कोण जाणे. आमच्या कॉलेजात ज्युरी असायची. बाहेरचे परीक्षक समोर, भिंतीवर तुमची शीट, आणि प्रश्न आला की जेवढं माहीत आहे तेवढं सगळं ओकायचं, अडखळलात की मेलात. पाच वर्षं तीच सवय लावलेली. मी सुरू झाले. सुतारांच्या खुणा कशा असतात आणि इथे का नाहीत. गोल करवतीच्या खुणा. फळीची जाडी. मागच्या विटा. छतातले पोकळ डबे. हातातल्या पेन्सिलने भिंतीवरचा छेद दाखवत दाखवत, एका दमात. माझं इंग्रजी कधी नव्हे ते पाण्यासारखं वाहत होतं. समोरचे लोक मान डोलावत होते, लिहून घेत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं.

आणि मला मजा येत होती. हेच मला आजही सहन होत नाही. घाबरून बोलले असते तर एक वेळ ठीक. मला चांगली मजा येत होती.

थांबले तेव्हा भाच्याचा वकील खुर्चीत मागे रेलून हसत होता. काकू समोर बघत होत्या, हात पर्सवर. मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. म्हणता आलं असतं की बाबांनो, लाकूड खोटं असेल, घर खोटं नाही. स्वयंपाकिणीच्या पोराने मालकाचं घर स्वतःसाठी उठवलं आणि शेगडीचं तोंड खोलीत वळवलं, याहून मोठा इतिहास तुम्हाला कुठल्या लाकडात मिळणार आहे? हे सगळं मला माहीत होतं, पाठ होतं. पण ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी पूर्ण मार्क मिळवून दिलं होतं. मी खाली बसले. कमिटीचं मतदान झालं. घर यादीत घ्यायच्या बाजूने अध्यक्षांचा एकट्याचा हात वर होता.

काकूंनीच मला गाडीने घरी सोडलं. आमच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "मी सात-आठ वर्षांची होते. त्या फळ्या ठोकताना मी बघितलंय. सुतारांना खिळे मीच नेऊन द्यायचे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुलाही कळलंय. तू टिचक्या मारल्यास, माझ्याकडे बघितलंस आणि छान आहेत म्हणालीस. मला वाटलं, आपलं दोघींचं ठरलं."

"काकू, मी... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"वाईट वाटलं असतं, पण तुला मी तिथे उभं केलं नसतं," त्या म्हणाल्या. "ड्रॉइंग भिंतीला लावून तुला घरी ठेवलं असतं. आधी सांगायचं होतंस गं."

मी सॉरी म्हणत राहिले. किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. काकू म्हणाल्या, "तू खोटं नाही बोललीस. जा आत, गारठा आहे." नवऱ्याने दार उघडलं. त्या दिवशी मी इतकी रडले की त्याने शेवटी भारतात माझ्या आईला फोन लावून दिला, आणि आईलाही मी काही सांगू शकले नाही.

वर्षभरात घर विकलं गेलं. पाडताना मी बघायला गेले, का गेले देव जाणे. फळ्या सगळ्यात आधी उचकटून निघाल्या, विटांच्या भिंतींनी मात्र मशीनला बराच वेळ दमवलं. काकू म्हाताऱ्या लोकांच्या एका निवासात राहायला गेल्या. एक खोली, एक खिडकी, खिडकीतून पार्किंग. मी अधूनमधून जायचे, कधी पोहे, कधी लाडू घेऊन. त्या नीट बोलायच्या, नवऱ्याची चौकशी करायच्या, पूर्वीसारखंच "मी काकू" म्हणायच्या. घराचा विषय त्या काढत नव्हत्या आणि माझी काढायची छाती नव्हती. एकदा जरी चिडून बोलल्या असत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

ग्रीन कार्डच्या रांगेत पुढे सरकलो आणि २००७ मध्ये मला कामाची परवानगी मिळाली. पुण्यातल्या कामाचा इथे कुणाला पत्ता नाही, दाखवायला दुसरं काही नाही. म्हणून एका ऑफिसात इंटरव्ह्यूला जाताना मी त्या घराची ड्रॉइंग नेली. नेताना लाज वाटली, तरी नेली. तिथले मुख्य आर्किटेक्ट भिंतीच्या त्या छेदापाशी थांबले. बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तुम्ही जे ऐकलं ते काढलं नाहीत, जे आहे ते काढलंत." आठवड्याभरात नोकरी पक्की झाली.

नवऱ्याने घरात नाच केला. मी इंडियन स्टोअरमधून पेढे आणले आणि काकूंकडे गेले. दुपारची वेळ होती. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल, खूप वाळल्या होत्या. पेढा मोडून त्यांनी अर्धा तोंडात टाकला.

"छान आहे गं. कशाचं गोड?"

"नोकरी लागली, काकू. आर्किटेक्टच्या ऑफिसात."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. खरंच धरला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मला माहीत होतं, तुला मिळणार. काय दाखवलंस त्यांना?"

विषय बदलता आला असता. पुण्याची कामं दाखवली म्हणता आलं असतं. पण मनाशी म्हटलं, एकदा गिळून बघितलंस ना? या वेळी तरी तोंडावर सांग.

"तुमच्या घराची ड्रॉइंग," मी म्हणाले.

"कुठलं ड्रॉइंग आवडलं त्यांना?"

"भिंतीचा छेद. फळी, खिळे, मागच्या विटा."

काकूंनी माझा हात सोडला. उरलेला अर्धा पेढा त्यांनी डब्यात परत ठेवला, झाकण लावलं, नीट दाबून लावलं, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"नवऱ्याला दे," त्या म्हणाल्या. "नीघ आता. तुला ट्रॅफिक लागेल."